विंगेतून दिलेलं वाक्य

२६ एप्रिल

राजे,

'प्रिय' लिहिणार होते, पण मग तुला वाटलं असतं की हिला काहीतरी मागायचं आहे. आणि 'राजे' म्हणते ते कौतुकाने म्हणत नाही, हेही तुला ठाऊक आहे. सगळा जन्म नाटकात काढून ज्याला राजाचं काम कधी मिळालं नाही, राजाला निरोप आणणाऱ्या शिपायाचं तेवढं मिळालं, त्याला दुसरं काय म्हणायचं?

तुझ्या अटीप्रमाणे लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी बॅग घेऊन दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "बोलायचं असेल तर लिही. पत्रात तरी तुला माझं वाक्य पुरं करता येणार नाही." काय पण टाळीचं वाक्य! ते मात्र बरं न अडखळता आलं. तेव्हापासून मी पानंच्या पानं लिहिते आणि तू पोस्टकार्डावर चार ओळी पाठवतोस, त्यातली एक हवामानाची. अरे, वाक्यं पुरी करणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा होता. मी प्रॉम्प्टर. विंगेत अंधारात उभं राहायचं आणि नट अडला की त्याला पुढचे शब्द पुरवायचे, तेही प्रेक्षकांना न ऐकू येता. मी तोंड मिटून बसले असते तर तुम्हा मंडळींचा पडदा किती वेळा अध्येमध्येच पाडावा लागला असता ते विचार कुणालाही. विंगेत तो गुण होता, घरी आला की अवगुण झाला.

तर मुद्दा असा, की मी पुढच्या आठवड्यात तुमच्या त्या खारट शहरात येते आहे. तुझा मित्र बोका आणि वहिनी कधीचे बोलावताहेत. चार दिवस राहीन, हवापालट होईल. तुला भेटायला येत नाहीये, हे स्वच्छ लिहून ठेवते, कारण इथे सगळ्यांनी वेगळाच अर्थ काढलाय. शेजारीण तर म्हणाली, "भाऊजींना घेऊनच या." मी म्हटलं, "ते काय विसरलेली छत्री आहेत, घेऊन यायला?"

तुझ्या बाजूचं कपाट रिकामं केलंय. त्याचा काही अर्थ काढत बसू नकोस, वाळवी लागली होती. केस रंगवलेत. पांढरे केस उन्हात जास्त तापतात असं कुणीतरी सांगितलं.

येऊ नकोस असं माझं म्हणणं नाही. आलास तर चहा मिळेल.


४ मे, बोक्याचं घर

राजे,

पोचले. हे पत्र बोक्याच्या हाती देते आहे, तो सकाळी तुझ्या बोटींच्या धक्क्यावरूनच कामाला जातो.

तुझे हे मित्र! "समुद्र दिसतो आमच्या घरातून," असं वहिनी वर्षानुवर्षं लिहीत होती. दिसतो ना. न्हाणीघरात स्टुलावर चढून, झडपेची काच वर करून, मान डावीकडे पिळली की समोरच्या दोन इमारतींच्या फटीत बोटभर निळं दिसतं. त्याला हे लोक समुद्र म्हणतात. मला पहिल्या दिवशीच स्टुलावर चढवलं. वहिनी खालून विचारत होती, "दिसला का गं? दिसला का?" मी म्हटलं, "दिसला, ओला आहे." दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण यांचा समुद्र दुरूनही साजरा नाही.

घरातलं मीठसुद्धा पाणी धरून बसलंय. दारं फुगलीत, लागत नाहीत, त्यामुळे इथे कुणाला काही खाजगी बोलता येत नाही. पंखा फिरतो तो केवळ सोबत म्हणून. आणि बोका! ज्याने कपाळाला एक रेघ ओढून माणसाचं वय वीस वर्षांनी वाढवलं, ज्याच्या हातच्या दाढ्या उपटून बघितल्या तरी निघत नव्हत्या, तो रंगभूषाकार आता एका हॉटेलच्या हिरवळीवर बसून पाहुण्यांच्या पोरांना वाघ करतो. सकाळी वाघ, दुपारी मांजर, मुलगी असली की फुलपाखरू. वर मला सांगतो, "बाई, पोरं आरशात बघतात ना, तेव्हा जी डरकाळी फोडतात, ती आपल्या नाटकात एकालाही जमली नव्हती." वहिनी आमचा कपडेपट सांभाळायची, ती आता त्याच हॉटेलच्या वेटरांच्या विजारी उंच करते. दोघंही खुशीत आहेत. पडलो तरी नाक वर म्हणावं तर तेही नाही, पडल्याचं यांना कळलेलंच दिसत नाही.

जेवताना तुझा विषय निघणारच होता. मी काढला नाही. वहिनीने वाढता वाढता काढला.

"तो बराच बदललाय गं."

"वजन घटलंय का?" मी विचारलं.

"तसं नाही. कमी बोलतो हल्ली."

"पण स्वतःचं बोलतो," बोका म्हणाला आणि नवरा बोलू नये तिथे बोलला की बायको जशी बघते तशी वहिनी त्याच्याकडे बघायला लागली. मग दोघंही ताटात बघत बसली. काहीतरी शिजतंय यांचं. मी विचारणार नाही. इतकी वर्षं प्रत्येक नाटकातलं पान न् पान आधी माहीत असलेली बाई मी, मला यांच्या फुसक्या गुपितांची उत्सुकता कसली?

तू स्वतःचं बोलतोस म्हणे! काय बोलतोस रे? हवामान?


५ मे

राजे,

आज धक्क्यावर गेले होते. मासे घ्यायला. वहिनी म्हणाली मासे इथे कोपऱ्यावरही मिळतात, पण मला ताजे हवे होते.

ऐकलं तुझं काम. काचेच्या खोक्यात बसून माइकवर बोटींच्या वेळा सांगायच्या! नाटकात निदान राजाला तरी निरोप द्यायचास, इथे पिशव्या घेऊन पळणाऱ्या माणसांना देतोस. आणि तोही कसा? "पलीकडच्या किनाऱ्याला जाणारी बोट..." आणि थांबलास. मी खांबाच्या आड उभी होते. एक बोटवाला दोर सोडत होता, तोसुद्धा थांबला. अरे, नायिका मरायला टेकलीय का? बोट आहे ती! सुटते किंवा सुटत नाही, तिसरं काही होत नाही. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "दोन नंबरवरून सुटत आहे." बऱ्यापैकी मोठ्याने. दोन माणसं वळून दोन नंबरकडे पळाली. मग तू म्हणालास, "...तीन नंबरवरून सुटत आहे. सावकाश चढा. जागा सगळ्यांना आहे."

ती दोन माणसं परत आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. चूक तुझी. इतका वेळ घेतलास तर माणसाला वाटणारच की हा अडला.

बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर झोपलेलं मूल. मला म्हणाली, "हा माणूस बोलला की घाई नाही वाटत बघा. मागचा नुसता ओरडायचा." मी म्हटलं, "याला पाठच होत नाही, म्हणून वेळ लागतो." तिला ते पटलं नाही. हसली आणि मुलाच्या कपाळावरचे केस मागे केले. असे प्रेक्षक मिळाले की नट बिघडलाच म्हणून समज.

काचेतून तुझा कान तेवढा दिसत होता आणि शर्टाची कॉलर. इस्त्री केलेली. कोण करतं?

तू मला पाहिलंस असं वाटत नाही. मासे घ्यायचे राहिले.

बोक्याने तुझा निरोप दिला आत्ताच. "उद्या दुपारी धक्क्यावरच्या कँटीनमध्ये. तुमच्या घरी नको, तिथे प्रेक्षक असतात." ठीक आहे. येते. तुला काही बोलायचं असेल तर बोल, मला घाई नाही. तू घरी परत यायचं म्हणत असशील तर मी लगेच हुरळून जाईन असंही समजू नकोस. लोकांना वाटतं मी त्याच आशेवर बसले आहे. मी कशावरही बसलेली नाही.

वहिनीकडून निळी साडी इस्त्री करून घेतली. ती रिकामीच बसली होती.


७ मे, परतीच्या गाडीत

राजे,

गाडी हलते आहे, अक्षर वाकडं येईल. काल काय झालं ते जसंच्या तसं लिहून काढते. तू विसरशील, तुझी ख्यातीच आहे, आणि मग बोक्याला भलतंच सांगशील. कोण काय म्हणालं हे पक्कं ठेवणं माझं काम आहे आणि माझं काम मला येतं.

तू माझ्याआधी येऊन बसला होतास. हेच मुळात अघटित. टेबल स्वतःच्या रुमालाने पुसलंस. मी म्हटलं, "रोड झालास." तू म्हणालास, "चालतो रोज." मी विचारलं, "इस्त्री कोण करतं?" तू म्हणालास, "मीच." मग चहा आला. पाणचट, कप टवके उडालेले. माझ्या चहात तू न विचारता एक चमचा साखर घातलीस आणि ढवळलीस. मी साखर सोडली आहे. बोलले नाही. प्यायले.

तू म्हणालास, "केस छान दिसताहेत."

मी म्हटलं, "रंग आहे."

"माहीत आहे," तू म्हणालास आणि हसलास. ते हसू मला आवडलं नाही, त्यात चिडायला जागा नव्हती.

मग तू कप बाजूला सरकवलास. दोन्ही हात टेबलावर ठेवलेस. म्हणालास, "मी बरेच दिवस विचार करत होतो, की आता आपण..."

आणि थांबलास.

नजर वर गेली तुझी, छताकडे. ही नजर मी ओळखते. या नजरेच्या समोर माझा जन्म गेलाय. नट अडला की प्रेक्षकांकडे बघत नाही, सहनटाकडे बघत नाही, वर बघतो, जसं काही त्याचं वाक्य झालरीला टांगून ठेवलंय. पुढे काय येणार ते मला दिसत होतं. दोन वर्षं जो माणूस पोस्टकार्डावर पावसापाण्याच्या गोष्टी लिहितो, तो टेबल पुसून, साखर घालून, केसांची तारीफ करून कशाची तयारी करत असतो? नाही म्हणायचीच ना? गोड बोलून गळा कापायचा. मला ते तुझ्या तोंडून, तुझ्या त्या नव्या थांबून थांबून बोलण्यातून, तुकड्यातुकड्याने ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "...असंच वेगळं राहावं."

हळू. ओठ न हलवता. विंगेतून देतात तसं.

आणि तू माझ्याकडे बघितलंस, आणि पापणीही न हलवता म्हणालास, "की आता आपण असंच वेगळं राहावं."

स्वच्छ. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. गल्ल्यावरच्या माणसाने वर पाहिलं.

झालं. मी म्हटलं, "बरं." तू म्हणालास, "बरं." बिल तू दिलंस. बाहेर आल्यावर म्हणालास, "ऊन आहे, सावलीतून जा." मी सावलीतून गेले नाही.

बोक्याच्या घरी पोचले तर दोघं दारातच उभी, लग्नघरची माणसं वरात यायची वाट बघतात तशी. वहिनी माझ्या मागे बघत होती, जिन्याकडे. "एकटीच?" मी म्हटलं, "मग काय बँड घेऊन यायला हवं होतं?" बोका आत गेला आणि पंख्याखाली जाऊन उभा राहिला. रात्री एकदा आतून वहिनीचा आवाज आला, "तूच सांग." आणि बोक्याचा, "मी नाही, त्याचं तो बघेल." सांगितलं ना, दारं लागत नाहीत.

सकाळी मला गाडीत बसवून दिलं. वहिनी रडली. तिला रडायला काहीही पुरतं, पडद्याची दोरी तुटली तरी रडायची.

सुटले मी एकदाची. बाजूला एक जोडपं बसलंय, मघापासून एकाच पिशवीतले शेंगदाणे खाताहेत आणि एक शब्द बोलत नाहीयेत. इतकी वर्षं संसार करून शेंगदाण्यांवर आलेत. कीव येते मला अशा लोकांची.


१६ मे

राजे,

वहिनीचा फोन आला. आठवडाभर तिच्या पोटात मावत नव्हतं म्हणे.

तर तू धक्क्यावरची नोकरी सोडली होतीस. राजीनामा मी यायच्या आधीच दिलेला, मी खांबाआडून ऐकलं तो तुझा शेवटचा दिवस. खोलीही सोडली होतीस. तुझ्या माइकवर आता कुणी मुलगी बसते. आणि तुला खोली परत मिळाली नाही, म्हणून तू त्या फुगलेल्या दारांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, मी ज्या दिवाणावर झोपले होते त्याच दिवाणावर झोपतोस. "आम्हाला त्याने शपथ घातली होती गं," वहिनी म्हणाली. "म्हणाला, तिला मी सांगणार, माझ्या तोंडाने. तुम्ही मध्ये पडू नका. बॅग भरून कँटीनमध्येच ठेवली होती त्याने, गल्ल्याच्या मागे."

मी फोन ठेवून दिला. पुन्हा लावला. म्हटलं, "मूर्ख आहात तुम्ही सगळे." आणि पुन्हा ठेवला.

आता तुला विचारते. तू माणूस आहेस की कोण आहेस? बॅग भरलीस, नोकरी सोडलीस, टेबल पुसलंस, आणि ऐन वेळी मी जे पुटपुटले ते उचलून म्हणून मोकळा झालास? मी चुकीचं वाक्य दिलं, कबूल. पण घेणाऱ्याला कळत नाही का ते आपलं नाही म्हणून? दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने "छे, काहीतरीच काय!" म्हटलं असतं. माझ्या शेजारणीच्या नवऱ्यालासुद्धा तेवढी अक्कल आहे, आणि तो दिवसभर कोडी सोडवतो. एक तू, की विंगेतून काही आलं की ते म्हणायचंच. हाडीमासी खिळलंय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. उद्या मी "विहिरीत उडी मारतो" असं पुटपुटले तर तेही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणशील.

आणि त्या दोघांना काय म्हणावं? शपथ पाळायला यांना नेमका हाच मुहूर्त सापडला. बोक्याने एकदा, फक्त एकदा तोंड उघडलं असतं!

मला झोप येत नाही. ते कपाट उघडं पडलंय, त्याचं दार लावायला गेले की माझा हातच होत नाही. वाळवी नव्हती लागली. लिहून टाकते.

तुझं वाक्य काय होतं? "मी बरेच दिवस विचार करत होतो, की आता आपण" इथपर्यंत माझ्याकडे आहे. पुढचं लिही. हवामान नको.


२९ मे

राजे,

कार्ड मिळालं. यात हवामान नाही, त्यावरूनच मी समजले.

माझ्या समोर आहे ते. तू लिहितोस: "आपण घरी जाऊ या, असं म्हणणार होतो. विसरलो नव्हतो, धीर गोळा करत होतो. पण तुझं वाक्य मोठ्याने म्हटलं आणि मला हलकं वाटलं. रागाने लिहीत नाही. इतकं हलकं वाटेल हे मलाच माहीत नव्हतं. मग तेच राहू दे असं ठरवलं. बॅग परत उचलली. दुसरी खोली मिळाली आहे, पत्ता खाली देतो."

मी आधी तुला शिव्या लिहिल्या. छान जमल्या होत्या. आयुष्यभर लोकांची उसनी वाक्यं म्हणत आलास आणि अखेर एक मनापासून पटलं, तेही माझंच, असं लिहिलं होतं. मग ते फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात मी फार मोठ्या मनाची होते. तेही फाडलं, ते तर पहिल्याहून भिकार होतं.

तुला हलकं वाटलं, हे मला मानावं लागतं. खोटं लिहिलं असतंस तर मला कळलं असतं, खोटं बोलताना तू नेहमी एक शब्द जास्त वापरतोस. यात एकही जास्त नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही आणि ती सांगायला तिथे कुणीच नाही, म्हणून मीच सांगते. ते वाक्य मी तुझं म्हणून दिलं नव्हतं. मला भीती वाटली. तू नाही म्हणशील आणि मला तुझ्यासमोर त्या टवके उडालेल्या कपाकडे बघत बसावं लागेल, या भीतीने मी ते आधीच म्हणून टाकलं. मी समुद्र बघायला आले नव्हते, बोक्याकडे आले नव्हते, मासे तर मी कधी निवडून आणलेच नाहीत, ते तू आणायचास. मी तुला न्यायला आले होते. गाडीत बसल्यापासून माझं स्वतःचं एक वाक्य घोकत होते. दोन शब्दांचं. वाटेत कितीदा म्हणून पाहिलं, स्टुलावर उभी असताना म्हणून पाहिलं, खांबाआड म्हणून पाहिलं. कँटीनमध्ये साखर ढवळत होतास तेव्हा ते अगदी ओठांवर होतं. ज्या बाईने आयुष्यात दुसऱ्याचं एक अक्षर गाळू दिलं नाही, तिचं स्वतःचं राहून गेलं.

तुझी खोली कशी असेल मला माहीत नाही. उजेड असू दे. तुला हलकं वाटतंय ते खरं असेल तर मला ते मोडायचंही नाही, आणि तरीही मला तू इथे हवा आहेस. दोन्ही खरं आहे, काय करू?

घरी चल.

पुढचं वाक्य मला माहीत नाही.